एकतीस खिशांचे भाऊसाहेब

४ मे १९७३. आज भाऊसाहेबांचं टेबल रिकामं करायचं काम माझ्याकडे आलं. भाऊसाहेब म्हणजे आमच्या तालुका कचेरीतले हेडक्लार्क. काम कसं करावं याचा त्यांच्याएवढा विचार सबंध नगर जिल्ह्यात कुणी केला नसेल. प्रत्यक्ष काम आम्ही करत होतो.

महिनाभर त्यांनी डायरी वापरून पाहिली, महिनाभर रुमालाला गाठी. गाठी जिंकल्या. "डायरी घरी राहते बाई, नाक बरोबर येतं," असं त्यांचं म्हणणं. पुढे एकाच रुमालाला अकरा गाठी झाल्या आणि कोणती कशाची हे आठवायला त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मग गजराचं घड्याळ आलं. ते घणघणलं की भाऊसाहेब हातातला कागद अर्ध्या ओळीवर सोडून दुसरा उचलायचे. एकदा साहेबांशी बोलतानाचं वाक्यही त्यांनी असंच अर्ध्यावर सोडलं. शेवटी वहिनींकडून एकतीस खिशांची खादीची पिशवी शिवून घेतली. तारखेला एक खिसा, खिशात त्या दिवसाच्या कामाची चिठ्ठी. "आता मी नसलो तरी काम अडणार नाही," म्हणाले. त्यांना जाऊन तीन आठवडे झाले.

तेव्हापासून ते घड्याळ रोज पावणेपाचला वाजतं. किल्ली कुणी देत नाही. मी शिपाई दौलतमामांना झापलं. "म्या हात न्हाई लावला बाई, आईच्यान," ते म्हणाले. मी घड्याळ कपाटात कोंडलं. ते कपाटातून वाजलं.

मला त्याहून मोठी काळजी टँकरची होती. माळावरच्या एका गावाची फाईल गहाळ झाली होती. ती उद्या दुपारपर्यंत नगरला पोचली नाही, तर परवापासून त्या गावचा टँकर बंद. तिथल्या दोन बायका सकाळपासून व्हरांड्यात रिकाम्या घागरी घेऊन बसलेल्या. "आडात निस्ता चिखुल हाय," त्यातली म्हातारी म्हणाली. "लेकरांनी काय चाटावं?" फाईल भाऊसाहेबांनीच कुठंतरी कोंबली असणार, असं मी चारचौघांत दोनदा बोलून गेले.

पिशवीचे खिसे उलटे करत गेले. सगळे रिकामे. पाच तारखेच्या खिशात मात्र चिठ्ठी होती, तांबड्या पेन्सिलीची, त्यांच्याच तिरक्या अक्षरात: "टँकरची फाईल. बाईंचा खालचा ड्रॉवर, मागे पडली आहे. बाईंना चारचौघांत बोलू नये."

ड्रॉवर पुरता ओढून काढला. मागच्या फटीत फाईल उभी होती. आवक वही पाहिली. फाईल कचेरीत आली तेव्हा भाऊसाहेबांना जाऊन आठ दिवस झाले होते. नोंद माझ्या अक्षरात.

दौलतमामा भिंतीला टेकले. "बाई, चला घरला."

"चहा सांगा," मी म्हणाले. बशीत ओतून प्याले.

५ मे. सकाळी पहिल्या एसटीने नगरला गेले आणि फाईल टेबलावर ठेवली. तिथला कारकून शिक्का मारता मारता म्हणाला, "ही गहाळ होती ना? सापडली कुणाला? शेरा लिहावा लागतो."

"आमच्या हेडक्लार्कांना."

नाव विचारलं, मी सांगितलं. त्याने ते लिहिलं आणि मान वर केली. "आहेत का अजून कामावर?"

"आहेत," मी म्हणाले, आणि पोच घेतली.