ओव्याची पुरचुंडी आणि केरबाची घोंगडी

आमच्या चितेगावात नाक चोंदलं की माणूस आधी माझ्या सासूच्या ओट्यावर येतो. म्हाळसाबाई तव्यावर ओवा भाजतात, पातळ फडक्यात बांधतात आणि हुंगायला देतात. माझे सासरे केरबा मेंढरांमागं फिरायचे, तेव्हा त्यांच्या घोंगडीच्या टोकाला अशी पुरचुंडी कायम बांधलेली असायची. सासरे गेले, घोंगडी पेटीत राहिली. सासूबाई रोज दुपारी पेटी उघडून घोंगडीत तोंड खुपसतात. कुणी पाहिलंच तर म्हणतात, "कसर लागली का बघत व्हते."

एकदा घरभर धूर झाला. बघते तर तव्यावर ओव्याचा कोळसा झालेला आणि सासूबाई शांतपणे उलथनं फिरवत बसलेल्या.

"आत्याबाई, जळालं की!"

त्यांचे डोळे भरले. "अंबिका, मला वासच येत नाय गं. महिना झाला. पेटीतनं बी येत नाय. ते गेले तवा बी इतकं एकलं वाटलं नव्हतं."

गावाचं नाक मोकळं करणारीचं स्वतःचंच नाक बंद! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. महिनाभर मला चोरून ओवा, वाफ, सुंठीचा लेप, सगळं करून झालं होतं. मला रागही आला आणि रडूही.

त्यांना शहरात, क्रांती चौकातल्या नाकाच्या डॉक्टरांकडं नेलं. सासूबाईंनी कनवटीची पुरचुंडी काढून त्यांच्यापुढं ठेवली. "ह्यात दम हाय का नाय, तेवढं सांगा."

डॉक्टरांनी ती हुंगली आणि हसले. "आजी, यानं घटकाभर बरं वाटतं, वाफेनंही वाटतं. पण तुमच्या नाकात सूज आहे, ती यानं उतरते असा पक्का पुरावा नाही. मिठाच्या पाण्यानं नाक धुण्याला मात्र अभ्यासांचा आधार आहे." नाकात मारायचा फवाराही दिला. वास परत येईलच असं वचन मात्र दिलं नाही.

"मिठाला काय कळतंय?" सासूबाई रिक्षात फुरंगटून बसल्या. दुसऱ्या दिवशी उकळून गार केलेलं मीठपाणी नाकात गेलं, तेव्हा त्यांनी डॉक्टरांच्या सात पिढ्या उद्धारल्या. पण सोडलं नाही. ओवाही सोडला नाही म्हणा. दुपारी पेटी उघडायच्या आणि गुपचूप लावायच्या. मी विचारणं बंद केलं.

मग एका दुपारी मी कणीक मळत असताना आतून हाक आली. सासूबाई घोंगडीत तोंड खुपसून हसत होत्या, रडतही होत्या.

"आला गं वास! मेंढरं, धूर... आन् ओवा. आजून ते माझाच ओवा हुंगत्यात बघ!"