बाईंचे चार खाने

परदेशीपुऱ्यात गुणाकारात आपल्याला हरवणारा एक माणूस नव्हता. हरवायची ती तिसरीतली पोरं, तीपण नाक पुसत-पुसत.

समोरच्या घरातल्या बाई खडू आधी पदरानं पुसायच्या, मग ओट्यावर चौकोन काढायच्या. "मोठा आकडा दिसला की घाबरायचं नाही, त्याला तोडायचं!" हे त्यांचं रोजचं. तेवीस गुणिले चौदा? वर वीस आणि तीन, बाजूला दहा आणि चार. मध्ये चार खाने. एकेका खान्यात गुणायचं, मग चारी जोडायचे. बस!

मिल बंद झालेली. त्यांचे मिस्टर घरी, मीपण घरी. फरक इतकाच की त्यांचं घर बाईंच्या क्लासवर चालायचं आणि माझं बायकोच्या शिव्यांवर. शाळा मी कधी पाहिली नव्हती. रिकामाच होतो, म्हणून पोरांच्या मागे जाऊन बसायचो.

एक दिवस पोरांच्या आया तावातावानं ओट्यावर आल्या. "ही काय पढाई आहे? डब्बे काढून खेळून राहिले! उद्यापासून नाही पाठवणार." क्लास गेला की बाईंची चूल गेली, एवढं तर मलापण कळत होतं.

बाईंनी खडू पदरानं पुसला. मला बोलल्या, "भिया, या पुढे. तेवीस गुणिले चौदा करून दाखवा."

तुम्हीच सांगा, छाती फुगणार नाही? खडू घेतला. वीस दाहे दोनशे. तीन चोक बारा. "दोनशे बारा!" मी असा ओरडलो की गल्लीतलं कुत्रं उठून बसलं.

"अरे काका, दोन खाने सोडले ना!" सगळी पोरं एकदम. एका चिमुरडीनं खडूच हिसकला. वीस चोक ऐंशी, तीन दाहे तीस, सगळं जोडून तीनशे बावीस. तिची आई सगळ्यांत जास्त भांडत होती. ती तोंडाला पदर लावून बोलली, "अगंबाई, ही माझी पोरगी?" दुसऱ्या दिवशी तिनं जावेची दोन पोरंपण आणून बसवली.

आता त्या ओट्यावर नव्या भाडेकऱ्याच्या कुंड्या आहेत. तिथून जाताना मी अजून चुकून चप्पल काढतो.

बाई लेकीकडे देवासला राहायला निघाल्या, तेव्हा मी ऑटोला लटकून बोललो, "क्लास वाचला तो माझ्यामुळे, आं! इतक्या हुशार पोरांतून तुम्ही बरोब्बर मलाच उभं केलं."

बाईंनी पिशवी मांडीवर घेतली. "हुशार पुष्कळ होते, भिया. मला नक्की चुकणारा पाहिजे होता."