नानी म्हणाली म्हणून

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, जावेला तर मुळीच नाही. आता सांगते. वाचून गल्लीतल्या बायका तोंड फिरवतील — फिरवू देत.

तेव्हा मी तिशीची होते आणि स्वतःला फार देखणी समजायचे. कोणी सांगितलं होतं? आरशाने. तोही तडकलेला. लिंबायतला, परमुलखातल्या आमच्या गल्लीत, बायका घरी बसून साड्यांचे सुटे धागे कापायच्या. सकाळी एक माणूस गठ्ठे टाकून जायचा, संध्याकाळी न्यायचा. शेजारच्या खोलीत ओडिशाची सबिता राहायला आली, माझ्याहून पाचेक वर्षांनी लहान. पहिल्याच दिवशी दारात उभी — "नानी, कैंची देना जरा."

नानी. म्हणजे आजी. मला.

"माले नानी म्हनस ती," मी जावेला सांगितलं. जाऊ इतकी हसली की हातातला चहा सांडला. ते हसणं मला झोंबलं.

मग — थांबा, सांगते. गठ्ठेवाल्याला मी म्हटलं, "उडियांना माल देताय, जपून. ते लोक साड्या गायब करतात." एकही साडी गेली नव्हती. सबिताचं नाव घेतलं असतं तर त्याने विचारलं असतं, कोणती साडी, कधी? पण 'ते लोक' म्हटल्यावर पुरावा कोण मागतो? त्याने नुसती मान हलवली आणि गल्लीतल्या तिन्ही उडिया घरांचं काम बंद केलं.

आणि बोलणारी मी कोण? घरमालकीण 'मराठी लोक भांडखोर' म्हणाली म्हणून तिच्याशी आठ दिवस भांडलेली बाई.

चार दिवसांनी नळावर सबिताच्या धाकटीने थोरलीला हाक मारली — "ए नानी." थोरली असेल सात वर्षांची. नानी म्हणजे त्यांच्यात ताई. तेव्हा कळलं. दुसऱ्या सकाळी गठ्ठेवाला आला. मी माझा गठ्ठा घेतला आणि दार लावलं. भीती कसली होती? खोटारडी ठरायची, दुसरी कसली.

दोन महिन्यांत ती तिन्ही घरं शहराबाहेर कडोदऱ्याला राहायला गेली. निघताना सबिताने विचारलं, "हमसे क्या गलती हुआ? वो गठ्ठेवाला आपको कुछ बोला क्या?"

मी म्हटलं, "नाही गं बाई."

हे लिहून घेताना सून म्हणते, सासूबाई, तेव्हा सगळेच तसं बोलायचे. बोलायचे ना. पण गठ्ठेवाल्याच्या कानाला मी लागले होते.