आत्याच्या तीन पाट्या

माझी आत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, एकतीस वर्षं ऑपरेशनच्या खोलीत सिस्टर होती आणि निवृत्त झाल्यावर सिनेमे बघायला लागली. बघायला लागली म्हणजे रीतसर, कामावर जावं तशी. दर गुरुवारी सकाळी पावणेदहाला ती केस चापूनचोपून बांधायची, लोकरीची पिशवी घ्यायची आणि आईला सांगायची, "येते गं, ड्यूटीवर जाऊन."

आमच्याकडे पुढची खोली तिची. तिच्या पलंगावरच्या चादरीवर पडायची सुरकुतीची हिंमत नव्हती. घरातले चमचे ती उकळून घ्यायची, आमची नखं तपासायची, आणि वडील शिंकले तरी थर्मामीटर झटकत यायची. वडील तिला घाबरत. आई घाबरत नसे, पण तिच्यासमोर कधी बोट कापून घ्यायची नाही, कारण आत्याचा उत्साह तिला सोसवत नसे.

गुरुवारच्या ड्यूटीची सुरुवात एका बेशुद्ध बाईपासून झाली. गावात एकच सिनेमागृह. तिथे कुठल्याशा भुताच्या सिनेमाला एक बाई खुर्चीतच कलंडली आणि तिची दोन पोरं भोकाड पसरून रडायला लागली. आत्या प्रेक्षकांत होती. तिने दिवे लावायला लावले, बाईचे पाय वर करायला लावले, पोरांना गप्प केलं आणि मॅनेजरला त्याच्याच ऑफिसात नेऊन फैलावर घेतलं. मॅनेजर गोल अंगाचा, सतत रुमालाने मान पुसणारा, मुळात भला माणूस. तो म्हणाला, "सिस्टर, सेन्सॉरचा शिक्का वरून मारून येतो. मी काय करू?"

"शिक्का मारणाऱ्यांना आमची पोरं ठाऊक आहेत का? पुढच्या वेळी सिनेमा मला आधी दाखवा."

त्याने खरंच दाखवला. नवी रिळं गुरुवारी यायची आणि नीट चालतात ना हे बघायला सकाळी दहाला एकदा चालवली जायची. रिकाम्या सभागृहात नवव्या रांगेतल्या कोपऱ्याच्या खुर्चीत आत्या एकटी बसायची, कारण तेवढ्याच खुर्चीची स्प्रिंग शाबूत होती. बसली की पंचवीस टाके घालायची आणि सिनेमा संपेपर्यंत अंधारात, सुयांकडे न बघता, नुसते सुलट टाके विणत राहायची. एका सिनेमाला एक पट्टी.

खरी गोम त्या पट्टीत होती. आत्या तोंडाने कधी घाबरायची नाही. "छे, काय तो खुनी, बूट वाजवत येतोय मेला," असं म्हणायची. पण त्याच वेळी तिचा हात आवळायचा, लोकर ताणली जायची आणि पट्टी तिथे बारीक व्हायची. बाहेर आली की ती पट्टी उजेडात धरून बघायची. कुठेच बारीक नसली तर तिकीटखिडकीवर पाटी लागायची, "सगळ्यांनी यावं." एखाद्या ठिकाणी आवळली असली तर, "आईबापांबरोबर यावं." आणि पट्टीची कंबर जागोजागी आत गेली असली तर, "मोठ्यांनीच यावं." गावातले लोक पोस्टर बघत नसत, नटनट्या विचारत नसत. विचारायचे, "सिस्टरची पाटी कुठली आहे?"

सुट्टीच्या गुरुवारी मी तिच्याबरोबर जायची, पण दारापर्यंतच. आत जायची मला मनाई. मी तिकीटखिडकीमागच्या उंच स्टुलावर पाय हलवत बसायची. झाडलेल्या फरशीचा, जुन्या गाद्यांचा आणि तापलेल्या यंत्राचा मिळून एक वास तिथे असायचा. आतून बंदुका, गाणी, हुंदके ऐकू यायचे आणि त्यावरून मी मनातल्या मनात माझा वेगळाच सिनेमा जुळवायची. पुढे मी पुष्कळ सिनेमे पाहिले, चांगल्या खुर्च्यांत बसून पाहिले. पण त्या स्टुलावर ऐकलेल्या सिनेमांची सर एकालाही आली नाही, हे मी आता साठीला आल्यावर बिनदिक्कत सांगते.

मी दहा वर्षांची होते त्या साली माझे टॉन्सिल्स हाताबाहेर गेले. दर महिन्याला ताप. आवाज असा झाला की आत्या मला बेडकी म्हणायची. एका कानाने कमी ऐकू यायला लागलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता थांबण्यात अर्थ नाही, काढून टाकू. बुधवारची तारीख ठरली. त्याच्या आदल्या गुरुवारी मी शाळा बुडवून, गळ्याला मफलर गुंडाळून स्टुलावर बसले होते.

त्या दिवशी आतून चक्क आत्याचं हसू ऐकू येत होतं. सिनेमा संपल्यावर ती बाहेर आली ती अशी, जशी माहेरी जाऊन आलेली.

"किती दिवसांनी गं!" ती म्हणाली. "ते दिवे, ते ट्रे, ती हिरवी कापडं! मास्कच्या नाड्या मात्र चुकीच्या बांधल्यात गाढवांनी."

मॅनेजर मान पुसत म्हणाला, "सिस्टर, हॉस्पिटलात माणसं मारतात असा सिनेमा आहे. पोस्टरवर ही एवढी सुरी आहे. मोठ्यांसाठीच ना?"

आत्याने पट्टी उजेडात धरली. दोन्ही कडा फूटपट्टीने आखल्यासारख्या सरळ. असली पट्टी तिच्या हातून कधी उतरली नव्हती. "सगळ्यांनी यावं," ती म्हणाली. "मुलांना कळू दे तरी आत काय असतं. भीती मोडेल." आणि माझ्याकडे बोट दाखवून, "हिने तर बघायलाच हवा."

शनिवारी दुपारी मी मैत्रिणीबरोबर आणि तिच्या मोठ्या बहिणीबरोबर तो बघितला. गोष्ट अशी की एका मोठ्या हॉस्पिटलात कुणीतरी भुलीच्या नळकांड्यात भलताच वायू भरत असतो, आणि साधं ऑपरेशन करायला आलेली माणसं पुन्हा उठतच नाहीत. माझ्याएवढी एक मुलगी टेबलावर झोपते. तोंडावर रबरी मास्क येतो. "दहापासून उलटे आकडे म्हण," असं कुणीतरी सांगतं. दहा, नऊ, आठ, सात, सहा, पाच, चार. पुढे काहीच नाही. तिचा हात टेबलावरून खाली लोंबतो. माझ्या मागच्या रांगेत एक मूल रडायला लागलं. मी रडले नाही. मी घरी येऊन जेवले, झोपले, आणि रविवारभर घसा दुखत नसल्याचं नाटक केलं.

सोमवारी आईने माझी पिशवी भरायला घेतली तेव्हा मी म्हणाले, "मी जाणार नाही. माझा घसा बरा झाला." आणि पुरावा म्हणून तिच्यासमोर कोरडी भाकरी गिळून दाखवली. डोळ्यांतून पाणी आलं, पण गिळली. आईने समजावलं, वडिलांनी आवाज चढवला. मी पलंगाचा पाय धरून बसले. तो पलंग आजही माझ्या घरात आहे आणि त्याच्या पायाला माझ्या दातांची खूण आहे, इतकं सांगितलं की पुरे.

आत्या मात्र पिशवीतून गुरुवारची ती सरळ पट्टी घेऊन आली आणि माझ्या शेजारी फरशीवर बसली. "कुठे घाबरलीस ते दाखव," ती म्हणाली. मी पट्टीच्या मधोमध बोट ठेवलं. तिने तिथे चष्मा लावून बघितलं, उलटून बघितलं. तिथे काहीच नव्हतं.

मंगळवारी सकाळी तिने मला सिनेमागृहात नेलं. मॅनेजरला ते रीळ लावायला सांगितलं आणि मला पहिल्यांदाच आत घेतलं. नवव्या रांगेत कोपऱ्याच्या खुर्चीत मला बसवून माझ्या हातात सुया दिल्या. पंचवीस टाके घालून दिले. "तू विण. मी पडद्याकडे बघणार नाही, तुझ्याकडे बघणार आहे. नको वाटलं की माझा हात दाब."

मी विणत होते. तो मास्क आला, आकडे सुरू झाले, आणि पाचवर मी तिचा हात असा दाबला की सुई तिच्या तळव्यात घुसली. "दिवे!" आत्या ओरडली. दिवे लागले. तिने माझी पट्टी हातात घेतली. शेवटच्या ओळींत टाके इतके आवळले होते की पट्टीची दोरी झाली होती.

"ती चारवर थांबली तेव्हा तुला काय वाटलं?" तिने विचारलं.

"मेली."

आत्याने ती पट्टी मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "मला वाटलं, सुटली बिचारी. अगं, एकतीस वर्षं मी हे आकडे ऐकलेत. कुणी सातवर थांबतं, कुणी पाचवर. चारच्या पुढे गेलेलं माणूस मला आठवत नाही. आवाज थांबला की आम्ही म्हणायचो, चला, आता हिला दुखणार नाही. तेवढ्यासाठीच मी कान लावून उभी असायचे."

"पण ती उठलीच नाही नंतर."

"ते मी धरलंच नाही," आत्या ओशाळून म्हणाली. "नळकांड्याची नळी चुकीच्या जागी जोडली होती. मी म्हटलं, हे सगळं खोटंच आहे."

ती उठली आणि तरातरा बाहेर गेली. मॅनेजर तिच्यामागे धावला. "सिस्टर, शुक्रवारपासून गर्दी आहे. आता पाटी बदलली तर लोक काय म्हणतील? तुमचा शब्द आहे इथे."

"म्हणूनच बदलायची," आत्या म्हणाली आणि तिने स्वतः स्टुलावर चढून पाटी बदलली. मोठ्यांनीच यावं. एवढ्यावर ती थांबली नाही. तीनच्या खेळाला मुलं घेऊन आलेल्या एकेका बाईला तिने दारात अडवलं. एक बाई तिच्यावर उखडली, "तुमच्याच भरवशावर आणलंय ना यांना!" आत्या म्हणाली, "हो. मी चुकले. मी डॉक्टरांच्या बाजूने बघितला. घरी न्या मुलांना." घरात चहात साखर विसरली तरी कबूल न करणारी बाई ती. मी तिच्या पदराशी उभी होते आणि तिने दहा-बारा वेळा "मी चुकले" म्हटलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं, एका अर्ध्या आणि एका पुऱ्या.

घरी जाताना मी विचारलं, "उद्या तू आत असशील?"

"तुला झोप लागेपर्यंत. मग मला बाहेर काढतील. मी आता तिथली नाही."

"मी उठेन ना?"

दुसरं कुणी असतं तर पटकन हो म्हणालं असतं. आत्या चार पावलं चालली. "मी बघितलेली टॉन्सिलची सगळी पोरं उठली," ती म्हणाली. "उठली आणि माझ्या अंगावर ओकली. मी दाराशीच असेन, ओकायला ये."

बुधवारी मी गेले. आपल्या पायांनी गेले, हे मला सांगायलाच हवं. आत्याने जुनी टोपी बांधली होती, नाड्या बरोबर. मास्क आला तेव्हा तिने माझं मनगट धरलं. मी ठरवलंच होतं की एकपर्यंत जाऊन दाखवायचं. दहा, नऊ, आठ. आत्याचा हात कोरडा आणि गरम होता. सात.

जागी झाले आणि ठरल्याप्रमाणे तिच्या अंगावर ओकले. ती इतकी खूश झाली की आई तिच्याकडे बघतच राहिली. मला बोलायची बंदी होती, म्हणून मी बोटांनी विचारलं, कितीपर्यंत? तिने सहा बोटं दाखवली.

मग माझी नजर तिच्या मांडीकडे गेली. तिथे सुया होत्या. मी आत असताना ती बाहेरच्या बाकावर बसून विणत होती. एकतीस वर्षं ती त्या दाराच्या आतल्या बाजूला उभी राहिली होती, बाहेरच्या बाकावर बसायची तिची ही पहिलीच वेळ. पट्टी वीतभरच झाली होती. पुढे विणणं शक्यच नव्हतं, कारण टाके इतके आवळले होते की त्यांत सुई शिरत नव्हती. आई नंतर म्हणाली, "मी दोनदा सांगितलं, ताई, ठेवा ते खाली. ऐकायलाच तयार नाहीत. नुसत्या दाराकडे बघत होत्या."

आत्या त्यानंतर अकरा वर्षं गुरुवारी ड्यूटीवर गेली. फक्त हॉस्पिटलचा सिनेमा असला की ती आईला पाठवायची. आई इंजेक्शनची सुई बघून डोळे मिटणारी, त्यामुळे तसले सिनेमे आमच्या गावात सगळे मोठ्यांनीच बघितले. मॅनेजर कुरकुर करायचा, पण पाटी लावायचा.

ती गेल्यावर तिच्या पट्ट्यांचं जोडून केलेलं पांघरूण माझ्याकडे आलं. तिने ते स्वतःच शिवलं होतं, सिनेमे आले त्या क्रमाने. एका ठिकाणी मात्र तिने क्रम मोडलाय. ती फूटपट्टीसारखी सरळ पट्टी, तिच्या शेजारी माझी दोरी झालेली पट्टी, आणि तिच्या शेजारी बाकावर विणलेली वीतभर पट्टी. लांबी जुळत नाही, म्हणून पांघरूण तिथे ओढलं गेलंय आणि कितीही झटकलं तरी सपाट पसरत नाही. चादरीवर सुरकुती न खपवणाऱ्या बाईने ती सुरकुती तशीच ठेवली. मी पांघरायला घेते तेव्हा ती बाजू गळ्याशी घेते.