टपालमामांची हिरवी खूण

"आपण पत्ता वाचायचा. आतलं न्हाय." असं म्हणून टपालमामा कॉम्प्युटरच्या पडद्याची उजवी बाजू चक्क तळहातानं झाकायचे. सारा जन्म सोलापुरात टपाल वाटलेला माणूस. निवृत्त झाल्यावर आमच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसला, पण पोस्टमनच राहिला.

आमचं काम काय ते सांगते. तुम्ही फोनवर एखादा फुकटचा खेळ घेता, तो परवानगी मागतो, तुम्ही देऊन मोकळे होता. मीही देते. मग तो फोन दिवसभर कुठं जातो, कुणाकुणाच्या फोनांजवळ थांबतो, हे सगळं जमा होतं. त्यावरून मशीन माणसांना गटांत टाकतं. देवभोळे, आजारी, नाराज, संपकरी. ह्या याद्या कोण घेतं ते आम्हाला कुणी सांगत नाही, आम्हीही विचारत नाही. एका माणसाची एक ओळ, डावीकडं पत्ता, उजवीकडं गट. ओळ बरोबर असेल तर हिरवी खूण, नसेल तर लाल. कंटाळा आलाय मला ह्याचा, पण सुटत नाही.

मामांना पत्ते तपासायला घेतलं होतं. पत्ता चुकलेला दिसला की ते कळवळायचे. "अगं, हे घर बोळाच्या ह्या अंगाला हाय. दारात कुत्रं असतंय बघ, लई चावरं!" ते कुत्रं मरून वीस वर्षं झाली असतील. आम्ही हसायचो, तेही हसायचे आणि डब्यातली शेंगाचटणी पुढं करायचे.

एका सकाळी मात्र ते डबा न घेताच आले. त्यांच्या जुन्या वाटेवरची एक मावशी चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटाबाहेर कडक भाकरी विकते. तिची पोरगी आयटीआय झालेली. तिनं त्याच कारखान्यात अर्ज केला आणि घरातला एकुलता एक फोन नंबर लिहिला, आईचा. आतून उत्तर आलं, हा नंबर संपकऱ्यांच्या यादीत आहे.

मी त्या नंबरची ओळ काढली. गेल्या वर्षी तिथं संप झाला होता, आणि संपाच्या प्रत्येक दुपारी तो फोन गेटावर होता. असणारच! भाकरी विकायला माणूस दुसरं कुठं बसणार? पुढं हिरवी खूण होती. तपासणारे, टपालमामा.

"पण मी तर पत्त्याला खूण केली," मामा म्हणाले.

"खूण सगळ्या ओळीला लागते, मामा."

हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. त्या पडदा झाकणाऱ्या तळहाताची मला गंमत वाटायची, म्हणून राहून गेलं. त्याची लाज अजून वाटते.

आम्ही आमच्या साहेबांकडे गेलो. त्यांनी मानही वर केली नाही. "यादी गेली. आता काही होत नाही."

"चुकीच्या दारात पडलेलं टपाल मी स्वतः जाऊन परत आणायचो, साहेब."

"हे टपाल नाही."

दुसऱ्या दिवसापासून मामा आले नाहीत. ते रोज बसनं चिंचोळीला जाऊ लागले. "चूक माझी हाय, पोरीची न्हाय, एवढं तुमच्या साहेबाला सांगू द्या," एवढंच मागायचे. वॉचमन आत सोडायचा नाही. मग दुपारभर मावशीच्या पाटीशेजारी बसून राहायचे. फोन शर्टाच्या खिशात.

दोन महिन्यांनी त्यांचीच ओळ माझ्यापुढं आली. संपकरी. प्रमुख असण्याची शक्यता. मला हसू येईना. मी फोन लावला.

"मामा, फोन घरी ठेवून जात जा हो."

"कशाला? मी तितं असतोच की. एवढं तरी खरं लिवलंय म्हणायचं." मग म्हणाले, "पोरीला काय अजून घेतलं न्हाय बघ."

चैत्रात मामा गेले. उन्हाचं निमित्त झालं. मी भेटायला गेले तेव्हा मामींनी त्यांचा फोन देवळीत चार्जिंगला लावून ठेवला होता. कुणाचा आला तर सांगावं लागतं, म्हणाल्या.

पुढच्या यादीत त्यांचा गट बदलला होता. हालचाल नाही. शांत. धोका नाही.

मग मी मावशीचा नंबर काढून बघितला. ती अजून संपकरीच आहे. तिच्या शेजारी आता दुपारभर आणखी एक नवा नंबर थांबतो. पोरीनं फोन घेतलेला दिसतोय.