ताईचं स्वयंपाकघर

ताई गेल्याचं भाऊजींनी फोनवर सांगितलं तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. "दुपारी ओट्याजवळच कोसळली," एवढंच ते म्हणाले. हातातली ओली चादर मी तशीच बादलीत टाकली आणि अंधेरीहून मुलुंडला निघाले.

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी त्यांचा पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा ताईने बँकेतली नोकरी सोडली आणि मग तिचं बाहेर जाणंच संपलं. अंग पुसणं, पेज भरवणं, चादरी बदलणं... आणि दुपारी माकडांची टोळी यायची, म्हणून खिडक्या बंद करून आत उकडत बसणं. फोनवर मात्र ती हसायची. "आज एकाने माझा गाउन पळवला गं," म्हणायची.

एकदा तिचा फोन आला, अगदी दबक्या आवाजात. माकडाचं पिल्लू ग्रिलच्या गजांमधून स्वयंपाकघरात शिरलं होतं आणि घाबरून फ्रिजमागे दडलं होतं. त्याची आई बाहेरून ग्रिल हलवत होती. तिचं ओरडणं मला फोनवर ऐकू येत होतं.

"तू हॉलमध्ये जा ना, दार लावून घे."

"दार उघडलं आणि ते सासूबाईंच्या खोलीत शिरलं तर? त्यांना उठताही येत नाही."

"मग काय करणारेस?"

फोन ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला, मग कुलपाचा. ग्रिलला एक छोटं दार होतं, ते तिने उघडलं. मी इकडे नुसती फोन कानाला लावून उभी... बऱ्याच वेळाने तिचा आवाज आला.

"गेली. मी कोपऱ्यात खाली बसून राहिले, मान खाली घालून. ती आत आली, पिल्लाला पोटाशी धरलं आणि निघून गेली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही." मग म्हणाली, "मला तिचा हेवा वाटला गं."

त्याच आठवड्यात भाऊजींनी सगळ्या खिडक्यांना बारीक जाळी ठोकून घेतली. त्यांना तिची काळजीच होती. ताई फक्त म्हणाली, "आता वाराही येत नाही."

पुढे सासूबाई गेल्या. मला वाटलं, सुटली. "चार दिवस माझ्याकडे ये," असं मी किती वेळा म्हटलं. "येते ना," म्हणायची. एकदा खरंच बॅग घेऊन निघाली, पण लिफ्टपाशीच तिला दरदरून घाम फुटला. गॅस चालू राहिलाय असं वाटून परत फिरली. गॅस बंदच होता. त्यानंतर मी आग्रह सोडला.

मागच्या रविवारी तिच्या साड्या आवरायला गेले होते. स्वयंपाकघरात खिडकीखाली तिचं बसायचं स्टूल होतं. मी त्यावर बसून पाहिलं. तिथून डोंगर दिसत नाही. समोरच्या इमारतीची भिंत दिसते, आणि मान वर केली तर जाळीतून हातभर आभाळ.

भाऊजी दारात येऊन उभे राहिले.

"इथेच बसायची का दिवसभर?" मी विचारलं.

त्यांनी स्टुलाकडे पाहिलं. "माहीत नाही," म्हणाले. "मी ऑफिसात असायचो."

त्यांनी आणलेली मेथीची जुडी ओट्यावर सुकत पडली होती. मी ती मांडीवर घेतली आणि तिथेच बसून निवडत राहिले.