क्लेम नसलेली सव्वीस वर्षं

सायकलवाले त्यांना मागे टाकून जायचे, आणि जाताना हातही करायचे. फिरत्या वाचनालयाची ती लांबोडकी गाडी हळूकाकांनी सव्वीस वर्षं चालवली ती अशी. हळूकाका हे नाव थांब्यावर पुस्तकांची वाट बघत बसणाऱ्या पोरांनी ठेवलं, आणि पुढे घरच्यांनीही तेच उचललं. मागे दोन हजार पुस्तकं बसलीयेत, त्यातली निम्मी माझ्यापेक्षा म्हातारी, असं ते म्हणायचे आणि वळणावर गाडी अशी घ्यायचे की फळीवरचं एक पुस्तक कलायचं नाही. काही लोक ताक फुंकून पितात. हळूकाका पाणीसुद्धा फुंकूनच प्यायचे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःची पहिली गाडी घेतली. छोटी, वापरलेली, पण ठाकठीक. बायकोचे गुडघे दुखायला लागले होते आणि तिला गुडघ्यांच्या व्यायामासाठी दवाखान्यात बसने नेणं जमेना. विमा उतरवायला ते ऐटीत गेले. जो वर्षानुवर्षं विम्याकडे भरपाई मागत नाही त्याची सूट वाढत जाते, हे त्यांना ठाऊक होतं, आणि आपल्याइतका तिचा हक्कदार दुसरा कोण? काउंटरवरच्या मुलीनं संगणकात पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि जरा चाचरतच सांगितलं की नोंदीप्रमाणे काका नवशिके आहेत. गाडी वाचनालयाची, विमा वाचनालयाच्या नावावर, त्यामुळे इतक्या वर्षांची सूटही वाचनालयालाच मिळत गेली. हळूकाकांच्या नावावर एक दिवससुद्धा जमा नव्हता.

त्यांना ते फार लागलं. सव्वीस वर्षं डोळ्यांत तेल घालून गाडी हाकायची आणि शेवटी कालच लायसन्स मिळालेल्या पोराच्या रांगेत उभं राहायचं, हे कुणालाही झोंबेल. त्या मुलीच्या ते लक्षात आलं असावं. तिनं मागची रांग थोपवून एक कागद ओढला आणि पत्राचा मजकूरच लिहून दिला: किती वर्षं गाडी चालवली, त्यात विम्याचे क्लेम किती. वाचनालयाकडून एवढं लिहून आणलंत तर आमचे साहेब विचार करतात, म्हणाली. भलं होवो त्या पोरीचं. इतकं करायचं तिला काही अडलं नव्हतं.

पत्र चार दिवसांत मिळालं, सहीशिक्क्यासह. सव्वीस वर्षं, क्लेम शून्य. ते घेऊन हळूकाकांनी काउंटरवर जायचं, तर ते घरी आले आणि त्यांनी पत्र कपाटात ठेवून दिलं.

त्याला कारण होतं. अकरा वर्षांपूर्वी एका शनिवारी शाळेच्या आवारात गाडी मागे घेताना त्यांनी ती दगडी खांबावर ठोकली होती. कुणाला लागलं नाही, पण मागचं दार चांगलंच आत गेलं. वाचनालयाचा नियम कडक होता. ज्याच्या हातून क्लेम होईल त्याच्याकडून गाडी काढून घ्यायची आणि त्याला पुस्तकांवर लेबलं चिकटवायला बसवायचं. त्या संध्याकाळी हळूकाका वाचनालयाच्या गॅरेजमध्ये शिरले तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. गॅरेजच्या मिस्त्रींनी दाराकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि घरी जायला सांगितलं. सोमवारी सकाळी दार जागच्या जागी होतं, रंगासकट. मिस्त्रींनी रविवार त्यात घातला होता. क्लेम झाला नाही आणि काकांची गाडी त्यांच्याकडेच राहिली.

मग ही सव्वीस वर्षं आपली म्हणायची कोणत्या तोंडानं? त्यांनी बायकोला विचारलं. ती म्हणाली, झाकली मूठ सव्वा लाखाची हे खरं, पण तुम्हाला ती मूठ झाकता येत नाही. इथे येरझाऱ्या घालण्यापेक्षा मिस्त्रींनाच जाऊन विचारा.

मिस्त्री आता मुलीकडे राहत होते. खिडकीपाशी खुर्ची, मांडीवर नातीचं मोडकं खेळणं, हातात स्क्रूड्रायव्हर. हळूकाकांनी पत्र पुढे केलं, खांबाची गोष्ट काढली आणि हे पत्र दिलं तर लबाडी होईल का, असं सरळ विचारलं. मिस्त्रींनी भिंग लावून पत्र वाचलं आणि ते खांदे हलवत हसायला लागले.

"तुला तो एकच आठवतो?"

मग ते बोटांवर मोजायला लागले. डावा आरसा, दोनदा. पुढचा बंपर एकदा. "आणि तुझी आई गेली त्या आठवड्यात अख्खी डावी बाजू खरवडून आणली होतीस. तुला पत्ताच नव्हता. गाडी लावलीस, किल्ली टांगलीस आणि चालता झालास."

"मला सांगितलं का नाहीत?"

मिस्त्री खेळण्याचा स्क्रू पिळत राहिले. "सांगितलं असतं तर तू आपण होऊन गाडी सोडली असतीस. ओळखतो ना मी तुला. आणि तुझ्याइतका जपून चालवणारा मी आणणार होतो कुठून? बाकीच्यांच्या गाड्या बघितल्या असत्यास तर जेवण गेलं नसतं तुला."

इतकी वर्षं सगळं आपणच सांभाळलं अशी हळूकाकांची समजूत होती. खरं तर त्यांना लाज वाटायला हवी होती, पण ऊर भरून आला तो मायेनं. आईच्या दुःखात आपण कुठे आहोत हे आपल्याला कळत नव्हतं, तेव्हा एक माणूस स्वतःचा वेळ मोडून आपले ओरखडे बुजवत होता. "फार केलंत मिस्त्री माझ्यासाठी," एवढं बोलून त्यांनी चहाच्या कपात तोंड लपवलं. निघताना दारात त्यांनी मिस्त्रींच्या मुलीला हळूच बाबांचं पूर्ण नाव विचारलं. सव्वीस वर्षं नुसतं मिस्त्री म्हणूनच हाक मारली होती.

दुसऱ्या दिवशी ते काउंटरवर गेले तेव्हा हातात दोन कागद होते. एक वाचनालयाचं पत्र. दुसरा त्यांच्या हस्ताक्षरातला: खांब, आरसा, बंपर, डावी बाजू, आणि हे सगळं कुणी दुरुस्त केलं. सूट गेली तर गेली, असं बायकोला सांगून ते निघाले होते. मुलीनं दोन्ही कागद वाचले आणि ती साहेबांच्या खोलीत गेली. हळूकाका उभेच राहिले. समोर खुर्ची होती, पण बसवेना.

ती बाहेर आली ती हसतच. गाडी वाचनालयाच्या नावावर होती म्हणून पूर्ण नाही, पण बरीच सूट मंजूर झाली होती. साहेबांचं म्हणणं, सूट क्लेमवर ठरते आणि क्लेम झाला नव्हता हे खरंच आहे. मग तिनं दुसरा कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"काका, हा घरी न्या. नियमाप्रमाणे लागत नाही."

हळूकाकांनी कागद तिच्याकडे परत सरकवला. "लावून ठेव ना, बाळ. माझं सगळं त्या माणसानं निभावलं, आणि त्याचं नाव आजवर कुठल्याच कागदावर आलेलं नाही."

मुलीनं तो कागद पुन्हा एकदा वाचला, पत्राच्या वर ठेवला आणि दोन्ही फाइलला लावले.